फोंड्यातला सर्व्हर आणि त्याचे सहा पोर्ट

आमच्या पतसंस्थेचं मुख्य कार्यालय फोंड्यात. शाखा सहा: बोरी, शिरोडा, उसगाव, माशेल, बाणस्तारी आणि सावई-वेरे. या सगळ्यांचे व्यवहार कार्यालयाच्या मागच्या खोलीतल्या एका मशीनमधून जातात. इंटरनेटची तार त्यातच येते, शाखांची लीज्ड लाइन, म्हणजे भाड्याने घेतलेली खासगी तार, त्यातच येते, बाहेरच्यांना आत येऊ न देणारी फायरवॉलही तेच. या मशीनची जबाबदारी माझी, आणि संगणकाचं काम बघणारी संस्थेत मी एकटीच. मे ते ऑगस्ट २०२५ या काळात मी हे मशीन बदललं. मध्ये एकदा काम फसलं, सगळं पूर्ववत करावं लागलं. माझ्यासारखं एकट्याने रॅकसमोर बसणाऱ्यांना उपयोग होईल म्हणून जसं घडलं तसं लिहिते आहे.

जुनं मशीन २०१६ चं, डेबियन ८ वर (डेबियन ही एक लिनक्स प्रणाली) चालणारं. मेमध्ये ते आठवड्यातून दोनदा अडकायला लागलं. संचालक मंडळापुढे टिपण ठेवलं, तीन दरपत्रकं मागवली, जूनच्या सभेत ठराव झाला. मशीन १,७२,००० रुपये, चार पोर्टांचं (पोर्ट म्हणजे तार खोचायची जागा) नेटवर्क कार्ड वेगळं, ९,४०० रुपये. मशीन ७ जुलैला आलं. कार्ड मात्र "येतंय, येतंय" करत २५ जुलैला आलं. या अठरा दिवसांच्या अंतरातच पुढचा घोळ दडलेला होता.

मशीन आल्यावर आवक नोंदवहीत नोंद, मालमत्ता क्रमांकाचं स्टिकर, मग डेबियन १२ चढवलं. मदरबोर्डवर, म्हणजे मशीनच्या मुख्य पाटीवर, दोन पोर्ट होते. पडद्यावर त्यांची नावं रोमन अक्षरांत दिसली, इथे देवनागरीत लिहिते: ईएनपी२एस० आणि ईएनपी३एस०. यातला पी म्हणजे पीसीआय बस, कार्डं वगैरे मशीनला जोडणारी आतली वाट, आणि पुढचा आकडा त्या बसचा क्रमांक. एस म्हणजे त्या बसवरची जागा. पहिला पोर्ट इंटरनेटला, दुसरा कार्यालयातले संगणक जोडणाऱ्या स्विचला, असं ठरवून मी सगळी मांडणी या नावांवर केली. पत्ते, कार्यालयातल्या संगणकांना पत्ते वाटणारी डीएचसीपी सेवा, फायरवॉलचे नियम, सगळ्यात हीच दोन नावं. या पद्धतीला 'प्रेडिक्टेबल' म्हणतात, म्हणजे नाव आता हलणार नाही असं मी धरून चालले.

याच दरम्यान इंटरनेट देणाऱ्या कंपनीचं एक काम होतं. ते त्यांच्याकडे आपल्या पोर्टचा मॅक पत्ता, म्हणजे कारखान्यातच दिलेला ओळख क्रमांक, नोंदवून ठेवतात, दुसऱ्या पत्त्याचं यंत्र लावलं तर लाइन चालू होत नाही. १४ जुलैला ईमेल केला, लेटरहेडवर सचिवांची सही घेऊन पत्र जोडलं, १८ तारखेला नवा पत्ता नोंदला गेला. जुना पत्ताही ३१ जुलैपर्यंत चालू ठेवा, अशी विनंती मी त्याच पत्रात केली होती. ही विनंती तुम्हीही नक्की करा. ती केली नसती तर २६ तारखेला आमच्याकडे परतीची वाटच राहिली नसती.

२६ जुलै, चौथा शनिवार, कार्यालय बंद. मी आणि आमचे शिपाई काका साडेनऊला पोचलो. पाऊस धो धो. सर्व्हरची खोली तिजोरीच्या खोलीला लागून आहे, खिडकी नाही, एसी चालू असतो, तरी जुलैत तिथे ओल धरतेच. जुन्या मशीनच्या तारांना कोणीतरी कागदी चिठ्ठ्या चिकटवून ठेवल्या होत्या. पहिल्याच तारेला हात लावला आणि चिठ्ठी बोटाला चिकटून आली. मागे काळे बुरशीचे ठिपके, शाई फुटलेली, 'इंट' एवढंच वाचता येत होतं. सुदैवाने तारा काढण्याआधी मी मोबाइलवर मागच्या बाजूचे चार फोटो घेतले होते.

आदल्या संध्याकाळी आलेलं कार्ड नव्या मशीनमध्ये बसवलं, तारा जोडल्या, दहा चाळीसला मशीन सुरू केलं. नेटवर्कची सेवा लाल ओळीत थांबली: ईएनपी२एस० नावाचं उपकरण सापडत नाही. कार्यालयातला एकही संगणक पत्ता घेईना. मी आधी तारांवर संशय घेतला, मग स्विचवर, मग कार्ड खराब आलंय अशा निष्कर्षावर आले. चाळीस मिनिटं यात गेली. शेवटी 'आयपी लिंक' या आज्ञेने मिळणारी पोर्टांची यादी नीट वाचली, तेव्हा अंगावर काटा आला.

झालं होतं असं. कार्ड नसताना त्याची पीसीआय जागा रिकामी होती आणि मशीनचं फर्मवेअर (मशीनमध्ये मुळातच असलेली प्रणाली) रिकाम्या जागेला बस क्रमांक देत नव्हतं. कार्ड बसलं, त्याने बस क्रमांक २ घेतला आणि त्याचे चार पोर्ट ईएनपी२एस०एफ० ते एफ३ झाले. मदरबोर्डवरचे पोर्ट एकेक घर पुढे सरकले. कालचा २ आज ३ झाला, कालचा ३ आज ४. ईएनपी२एस० हे नाव नाहीसं झालं, ते निदान लगेच कळलं. ईएनपी३एस० हे नाव मात्र शिल्लक होतं, फक्त ते आता दुसऱ्याच पोर्टचं होतं. काल ते कार्यालयाकडचं होतं, आज इंटरनेटकडचं. माझ्या फायरवॉलमध्ये नियम होता की ईएनपी३एस० वरून येणारं सगळं आत घ्या. तो नियम आता बाहेरच्या तारेला लागू होता.

मी धावत जाऊन ती तार ओढून काढली. नंतर नोंदी तपासल्या. बाहेरचा पत्ता ज्या नावावर चढायचा ते नावच नसल्यामुळे तो चढला नव्हता, आणि त्या चाळीस मिनिटांत बाहेरून कोणी आत आलेलं नव्हतं. पण लोकांच्या ठेवींच्या नोंदी ज्या भिंतीआड आहेत, त्या भिंतीचं दार मी उलट्या बाजूला बसवलं होतं. नाव नाहीसं झालं तर निदान बोंब होते. नाव तेच राहून पोर्ट बदलला तर काहीच ओरडत नाही, म्हणून ते जास्त घातक.

एक वाजता ठरवलं, जुनं मशीन परत जोडायचं. मोबाइलवरच्या फोटोंनी वाचवलं. तीन वाजता सगळं पूर्ववत चालू झालं. काका माझ्याशेजारी खुर्ची ओढून बसले, म्हणाले, "जाऊं दी बाय, फुडल्या शनिवारी करूंया. च्या घे." मी चहा घेतला, पण डोकं ठिकाणावर नव्हतं.

त्या रात्री एक प्रश्न सुटत नव्हता. जुनं मशीन नऊ वर्षं ईथ० आणि ईथ१ अशा साध्या नावांवर चालत होतं, मग ते कधी का चुकलं नाही? दुसऱ्या दिवशी त्यात शोधलं तर 'सत्तर पर्सिस्टंट नेट' नावाची नियमांची एक फाइल सापडली. त्या काळात डेबियन ती आपोआप तयार करायचं. तिच्यात प्रत्येक मॅक पत्त्यासमोर एक नाव लिहिलेलं होतं. आणि मग लक्षात आलं की इंटरनेटची कंपनीही माझ्या पोर्टला मॅक पत्त्यानेच ओळखत होती. जुनं मशीन ओळखत होतं, कंपनी ओळखत होती, मी एकटीच पोर्टला तो बसलाय त्या जागेवरून ओळखत होते.

सोमवारी, २८ जुलैला, सचिवांना लेखी खुलासा दिला. काय ठरवलं होतं, काय झालं, काय धोका होता, पुढे काय करणार, एक पान. काही लपवलं नाही. त्यांनी दोनदा वाचलं आणि एकच विचारलं, "चवथीआधी होईल?" चतुर्थी २७ ऑगस्टला होती. त्याआधीचे पंधरा दिवस आमच्याकडे काउंटरवर रांगा असतात. आवर्ती ठेवी मोडायच्या असतात, माटोळीचा (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांचा) बाजार, घरची रंगरंगोटी, सगळ्यांना पैसे लागतात. मी म्हटलं, "होईल." कंपनीला जुना पत्ता १५ ऑगस्टपर्यंत चालू ठेवण्याचं दुसरं पत्र गेलं. नव्या तारखेला मंजुरी ४ ऑगस्टला मिळाली, ५ तारखेला शाखांना सूचना गेली: शनिवार ९ ऑगस्ट, दुसरा शनिवार, यंत्रणा दिवसभर बंद.

मधल्या काळात रोज संध्याकाळी पाच ते सात मी नवं मशीन टेबलावर ठेवून शिकत होते. थोडं वाचलंही. लिनक्सचं कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, पोर्ट सापडतील त्या क्रमाने ईथ०, ईथ१ अशी नावं देतं. पोर्ट चालवणारे ड्रायव्हर एकाच वेळी सुरू होत असल्याने हा क्रम दर वेळी तोच राहील याची खात्री नसते. म्हणून जानेवारी २०१३ मध्ये, लिनक्स सुरू करून सेवा सांभाळणाऱ्या सिस्टिमडीच्या १९७ व्या आवृत्तीत नवी पद्धत आली. फर्मवेअरने पोर्टला क्रमांक दिला असेल तर ईएनओ१ सारखं नाव, कार्डाच्या खाचेचा क्रमांक दिला असेल तर ईएनएस१ सारखं, दोन्ही नसेल तर बसच्या क्रमांकावरून ईएनपी. आमच्या मशीनने पहिलं दिलं नाही, दुसरंही नाही, म्हणून तिसरं मिळालं. ही पद्धत वाईट नाही. मशीनमध्ये काही बदललं नाही तर नाव बदलत नाही, एवढंच तिचं आश्वासन आहे. मी त्यात जास्तीचं वाचलं होतं.

पहिलं काम, कुठला पोर्ट कुठला हे डोळ्यांनी बघून ठरवणं. यासाठी 'ईथटूल' नावाचं साधन आहे. त्याला लहान पी, पोर्टचं नाव आणि ३० असा आकडा दिला की त्या पोर्टचा दिवा तीस सेकंद लुकलुकतो. काका मशीनच्या मागे टॉर्च घेऊन वाकले, मी पुढे कीबोर्डवर. पहिल्या आज्ञेला पाच सेकंद शांतता, आणि मग मागून आवाज आला, "बाय, पळे, हांगा पेटता! उजवेकडल्यान दुसरो!" मी समजत होते डावीकडून पहिला. कार्डावरच्या पोर्टांचा क्रम उजवीकडून डावीकडे होता. अंदाजाने जोडलं असतं तर शाखांची तार आणि बॅकअपची तार अदलाबदल झाली असती. चारही पोर्ट असे पेटवून बघितले आणि प्रत्येक दिवा पेटला की काकांनी तिथे पेन्सिलने आकडा टाकला.

मदरबोर्डवरच्या दोन पोर्टांना मात्र ही आज्ञा चालली नाही. त्यांचा ड्रायव्हर दिवा लुकलुकवू देत नाही. तिथे दुसरा मार्ग: एकच तार लावायची, काढायची, आणि कुठल्या पोर्टचा 'कॅरिअर', म्हणजे तार जिवंत असल्याची खूण, शून्याचा एक होतो ते बघायचं. हे करताना एक अडचण येते. पोर्ट आधी चालू केलेला नसेल तर कॅरिअरची फाइल वाचता येत नाही, नुसती चूक दाखवते, आणि पोर्ट मेला असं वाटतं. आधी 'आयपी लिंक सेट अप' करून मग वाचा.

स्विच समजदार असेल तर तिसरी सोय आहे. 'एलएलडीपीडी' नावाची सेवा चढवली की पलीकडचं यंत्र स्वतःच सांगतं, तुझी तार माझ्या चौदाव्या पोर्टात आहे. या सूचना सहसा तीस सेकंदांनी एकदा येतात, लगेच काही दिसलं नाही तर थोडं थांबायचं. आमचा कार्यालयाचा स्विच बोलला. इंटरनेट कंपनीचा डबा बोलत नाही.

दुसरं काम, प्रत्येक पोर्टचा कायमचा मॅक पत्ता लिहून घेणं. त्याच ईथटूलला मोठा पी दिला की कारखान्यातून आलेला पत्ता दिसतो. अठ्ठेचाळीस बिटांचा हा पत्ता, पहिले चोवीस बिट सहसा बनवणाऱ्या कंपनीचे. कार्डाच्या चारही पोर्टांचे पत्ते फक्त शेवटच्या अक्षराने वेगळे होते, म्हणून मी ते वाचून दाखवले आणि काकांनी वहीतल्या नोंदीशी ताडून बघितले. सहा ओळी, दोन वेळा.

तिसरं काम, नावं. सिस्टिमडीच्या नेटवर्कच्या फोल्डरमध्ये प्रत्येक पोर्टसाठी एक छोटी 'लिंक' फाइल. आत दोनच गोष्टी: हा कायमचा मॅक पत्ता दिसला तर हे नाव दे. फाइलच्या नावाची सुरुवात १० ने करा, कारण जी जुळणारी फाइल आधी येते तिचंच ऐकलं जातं आणि मूळची फाइल ९९ ची असते. मी नावं ठेवली, अर्थात रोमन अक्षरांत: बाहेर०, दप्तर०, शाखा०, आणि बॅकअपसाठी साठा०. पंधरा अक्षरांची मर्यादा आहे, पण आपली मराठी नावं तेवढ्यात आरामात बसतात. ईथ० असं नाव मुद्दाम टाळलं. ती नावं कर्नल स्वतः वाटत असतं, त्यात आपण अदलाबदल करायला गेलो तर टक्कर होते.

फाइल लिहून मशीन पुन्हा सुरू केलं, तर नावं जुनीच. अर्धा तास शोधल्यावर कळलं की मशीन सुरू होताना आधी 'इनिट्रॅमएफएस' नावाची छोटी तात्पुरती प्रणाली वापरली जाते आणि त्यात या फाइलींची प्रत लागते. 'अपडेट इनिट्रॅमएफएस' चालवलं, पुन्हा सुरू केलं, आणि यादीत बाहेर० दिसलं. ते नाव पडद्यावर बघून फार बरं वाटलं. दुसरी काळजी व्हीलॅनची, म्हणजे एकाच तारेवर वेगळी ठेवलेल्या आभासी नेटवर्कांची. शाखा० वर आमचे दोन व्हीलॅन आहेत आणि त्यांचा मॅक पत्ता मूळ पोर्टचाच असतो. नुसत्या मॅक पत्त्यावर जुळवलं तर व्हीलॅनही त्याच फाइलीत अडकतात. म्हणून 'पर्मनंट' मॅक पत्त्यावरच जुळवा, व्हीलॅनला तो नसतो. डेबियन १२ मध्ये ही सोय आहे.

मॅक पत्त्यावर बांधण्याला एक आक्षेप आहे: कार्ड जळून नवं बसवलं तर नाव मिळणार नाही, फाइल बदलावी लागेल. खरं आहे. एकसारखी तीसचाळीस मशीनं असतील आणि कार्ड बदलायला बाहेरचा माणूस येत असेल तर जागेवरून बांधणं सोयीचं. पण आमचं मशीन एकच आणि ते फायरवॉल आहे. अनोळखी कार्डाला नाव मिळू नये, नाव नाही म्हणून नियम नाही, नियम नाही म्हणून वाहतूक नाही, हेच मला हवं आहे. फायरवॉलचे सगळे नियम मी नव्या नावांनी पुन्हा लिहिले. एनएफटेबल्समध्ये, म्हणजे लिनक्सच्या फायरवॉलमध्ये, 'आयआयएफ' आणि 'आयआयएफनेम' असे दोन शब्द आहेत. पहिला शब्द नियम चढताना पोर्टचा अंतर्गत क्रमांक धरून ठेवतो, दुसरा दर वेळी नाव ताडून बघतो. मी सगळीकडे दुसरा वापरला.

चिठ्ठ्यांचं काय करायचं हा प्रश्न होता, कारण कागद टिकत नाही. प्लॅस्टिकचा थर असलेली लेबल फीत ६५० रुपयांना घेतली, चार रंगांच्या तारा प्रत्येकी १८० रुपयांना. इंटरनेटला लाल, कार्यालयाला निळी, शाखांना पिवळी, साठ्याला हिरवी. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना लेबल.

९ ऑगस्टला राखी पौर्णिमा होती. काका घरचं पूजेचं आटोपून अकराला आले, नारळीभाताचा डबा घेऊन. योगायोगाने त्याच दिवशी डेबियन १३ बाहेर आलं. मी १२ वरच राहिले, एका दिवशी एकच बदल. इंटरनेटची तार शेवटी लावायची हे आधीच ठरवलं होतं. आधी आतल्या तीन तारा, पत्ते, व्हीलॅन, सगळं तपासलं, मग फायरवॉलचे नियम मोठ्याने वाचले, आणि मगच लाल तार. बाहेर० ने पत्ता घेतला. बाणस्तारीच्या शाखा व्यवस्थापकांना मुद्दाम बोलावून ठेवलं होतं, त्यांनी तिथून एक खातं उघडून बघितलं. चाललं.

तरी मी मशीन तीनदा पूर्ण बंद करून सुरू केलं. मग लाल तार काढून कार्ड एका खाचेतून दुसऱ्या खाचेत हलवलं, मुद्दाम, काय होतं ते बघायला. बसचे क्रमांक पुन्हा सरकले, चारही नावं जागच्या जागी. कार्ड परत पहिल्या खाचेत घातलं, पुन्हा सुरू केलं. साडेपाचला खोली बंद केली.

सोमवारी सकाळी साडेनऊला शाखा एकेक जोडल्या गेल्या. सावई-वेरेची उशिरा आली, तिथे रात्री झाड पडून तार तुटली होती. चवथीच्या आधीचे दिवस नीट गेले. कामपूर्ती अहवालासोबत मी पोर्टांचा नकाशा जोडला: चित्र, नाव, कायमचा मॅक पत्ता, तारेचा रंग, पलीकडे काय आहे. एक प्रत सचिवांच्या फायलीत, एक रॅकच्या दाराला आतून, लॅमिनेट केलेली. कार्ड बदलावं लागलं तर कुठली फाइल उघडायची आणि त्यानंतर इनिट्रॅमएफएस अद्ययावत करायचं, हे त्याच कागदाच्या मागे आहे.

ऑक्टोबरमध्ये पुरवठादाराचा मुलगा एक जास्तीची डिस्क बसवायला आला. मी शिरोड्याला होते. संध्याकाळी येऊन ईथटूलने बसची माहिती बघितली तर बाहेर० चा क्रमांक ३ चा ४ झालेला होता. लाइन दुपारपासून चालूच होती, त्यात कुणाला काही कळलंही नव्हतं. काकांनी त्या मुलाला दाराचा कागद दाखवून तारा परत लावून घेतल्या होत्या. मी नकाशावर तारीख टाकून 'डिस्क बसवली' एवढं लिहिलं.